मामंजी, श्वास धरा

बेंगळुरात मल्लेश्वरमच्या त्या इस्पितळात कावेरीच्या कामाबद्दल कुणाची तक्रार नव्हती. तक्रार होती ती तिच्या आवाजाबद्दल.

एक्स-रे काढणाऱ्याला पेशंट नेमका उभा करता यावा लागतो, आडवा करता यावा लागतो, कुशीवर वळवता यावा लागतो. हे कावेरीच्या हातातच होतं. मोडका हात घेऊन आलेलं लहान मूल असो की कंबर धरून आलेली म्हातारी, ती इतक्या अलगद त्यांना टेबलावर घ्यायची की कण्हायचं विसरून जायची माणसं. पण सगळं जुळवून ती काचेच्या आड गेली आणि तिथून 'श्वास घ्या, धरा' म्हणाली, की ते वाक्य तिच्या ओठांवरच बसून राहायचं. पेशंट मान वळवून विचारायचा, "काय म्हणालात?" मान वळली की अंग हललं, अंग हललं की फोटो पुसट. मग पुन्हा सगळं पहिल्यापासून.

"कावेरी," एक्स-रे विभागाचे प्रमुख गिरीराज सर एकदा वैतागून म्हणाले, "तू बोलतेस की मनात म्हणतेस?"

याच गिरीराज सरांनी तिला न विचारता तिचं नाव स्पर्धेला दिलं.

नोव्हेंबरात जागतिक रेडिओग्राफी दिन येतो. त्या सुमाराला शहरातले एक्स-रेवाले मल्लेश्वरमच्याच एका कॉलेजात जमत. भाषणं होत, जेवण होई, आणि एक स्पर्धा होई. समोर टेबल, उभी फळी आणि यंत्र असे, पण यंत्राची वायर काढून ठेवलेली. स्पर्धकानं चिठ्ठी उचलायची, चिठ्ठीत लिहिलेल्या पद्धतीनं आपल्या पेशंटला घंटा व्हायच्या आत जुळवायचं. परीक्षक अंगाचा कोन बघत, यंत्राचं तोंड बघत, आणि तुम्ही पेशंटशी कसं बोलता तेही ऐकत. गिरीराज सरांचा डोळा या शेवटच्या गोष्टीवर होता.

"सर, मला नाही जमणार," कावेरी म्हणाली.

"काय?" गिरीराज सर कानाशी हात नेत म्हणाले, आणि निघून गेले.

दरवर्षी विभागातलीच एखादी मैत्रीण पेशंट होऊन जायची. कावेरीनं मनाशी पवित्राला धरलं होतं. पवित्रा तिच्याच पाळीला असायची, आणि तिला 'लेफ्ट लॅटरल' म्हटलं की बाकीचं सांगावंच लागत नसे. पण यंदा आयोजकांनी नवा नियम काढला: पेशंट आपल्या क्षेत्रातला नको, बाहेरचा हवा. खऱ्या पेशंटला कुठं काय कळतं!

"मग सुरजला ने की," पवित्रा म्हणाली. "नवरा म्हणजे सांगितलेलं ऐकायची सवय असेल."

सुरज तयारही झाला. पण तो पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या ज्या कारखान्यात होता, त्यांनी एक मशीन कोईमतूरला पाठवलं होतं आणि ते तिथं जाऊन चालेनासं झालं. स्पर्धेच्या आठवड्यातच सुरजला बॅग भरून निघावं लागलं.

त्या संध्याकाळी दासरहळ्ळीच्या घरी कावेरीनं भाकऱ्या थापता थापता सासूला हे सांगितलं, आणि पुढं म्हणाली, "उद्या सरांना सांगून नाव काढून टाकते, आत्या. तुम्ही येताय का, असं विचारणार होते, पण..."

"मी?" भागुबाईंच्या हातातला लसूण तसाच राहिला. "भर सभेत टेबलावर आडवी पडू? लोक काय म्हणतील! बाईमाणूस चांगलं नेसून आलं आणि आल्या आल्या झोपलं!"

"मी येतो की," बाहेरच्या खोलीतून आवाज आला.

दोघींनी दाराकडं पाहिलं. बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र होतं, आणि वर्तमानपत्राच्या मागं हणमंतराव होते.

हणमंतराव तरुणपणी निपाणीकडून बेंगळुरात आले आणि सिटी बसमध्ये कंडक्टर झाले. निवृत्त होईपर्यंत त्यांनी निम्म्या शहराला 'मुंदे होगी, मुंदे होगी' म्हणत पुढं ढकललं. आता ढकलायला कुणी उरलं नव्हतं. सकाळी जुन्या स्कूटरवरून यशवंतपूरच्या बाजारात जायचं, भाजी आणायची, भागुबाईंनी ती महाग आणली म्हणायचं, आणि मग दिवसभर पेपर. सून घरात येऊन दीड वर्ष झालं होतं, पण सासऱ्याशी तिचं बोलणं 'चहा ठेवलाय' आणि 'जेवायला वाढलंय' याच्या पलीकडं गेलं नव्हतं. असं असावं हे कुणी ठरवलेलं नव्हतं. ते तसं चालत आलं होतं.

"तुम्ही?" भागुबाई म्हणाल्या.

"का? मला हात नाहीत का पाय नाहीत? झोपायचं, उठायचं, वळ म्हटलं की वळायचं. रिटायर झाल्यापासून दुसरं काय करतोय मी?"

कावेरी भाकरी तव्यावर टाकायची विसरली.

दुसऱ्या दिवसापासून सराव सुरू झाला. दिवाणाचं टेबल झालं, भिंतीची फळी झाली, आणि फोटो जिच्यावर उमटतो त्या पाठीखाली सरकवायच्या पट्टीचं काम पोळपाटाकडं आलं. भागुबाईंनी पोळपाटासाठी एकदा आरडाओरडा केला, आणि मग दारात बसून बघू लागल्या.

हणमंतराव सदरा घालून, केस विंचरून, भिंतीसमोर ताठ उभे राहिले. कावेरी त्यांच्या मागं उभी होती.

"मामंजी... जरा... छाती..."

"काय?"

"छाती भिंतीला..."

हणमंतराव वळले. "पोरी, तू कंडक्टर असतीस तर शेवटच्या सीटवरचा माणूस डेपोपर्यंत गेला असता."

भागुबाई हसल्या. कावेरीचे कान लाल झाले. ते बघून हणमंतरावांनी आवाज उतरवला.

"हे बघ. ओरडायचं नाही. ओरडलं की लोक चिडतात, आणि चिडलेला माणूस मुद्दाम हलत नाही. आवाज इथून काढायचा," त्यांनी पोटावर हात ठेवला, "आणि समोरच्याच्या डोक्यावरून मागं टाकायचा. चेंडू टाकतो तसा. तू तिकडं स्वयंपाकघरात जा, आणि मला इथं उभं कर."

"तिथून?"

"तिथून. मी भिंतीकडं तोंड करून उभा आहे. मला तू दिसत नाहीस. बोल."

कावेरी स्वयंपाकघरात गेली. गॅससमोर उभी राहून तिनं डोळे मिटले आणि म्हणाली, "मामंजी, छाती भिंतीला टेकवा."

"ऐकू आलं नाही!"

"मामंजी, छाती भिंतीला टेकवा!"

"सरी, बरोबर! पुढं?"

"हनुवटी वर! हात कमरेवर! खांदे पुढं सोडा! आता मोठा श्वास घ्या... धरा!"

हणमंतरावांनी श्वास धरला. कावेरी स्वतःच्याच आवाजानं इतकी चकित झाली होती की पुढचं सांगायचं तिला सुचेना. शेवटी भागुबाईच किंचाळल्या, "अगं, सोडा म्हण की! लाल झालेत ते!"

तिथून त्या घरातलं बोलणं बदललं. हणमंतराव शब्द गोळा करू लागले. उताणं ते सुपाइन, पालथं ते प्रोन, कुशीवर ते लॅटरल. किरण पाठीतून शिरून छातीतून निघतो, म्हणून छातीच्या फोटोला पी.ए. म्हणतात, हे कावेरीनं सांगितल्यावर त्यांनी क्षणभर विचार केला.

"म्हणजे मागच्या दारानं चढला आणि पुढच्या दारानं उतरला."

"होय, मामंजी. आणि ए.पी. म्हणजे..."

"पुढच्यानं चढला, मागच्यानं उतरला. पण छातीला मागूनच का?"

"हृदय पुढच्या बाजूला असतं ना. ते पट्टीजवळ राहिलं की आहे तेवढंच दिसतं. लांब राहिलं तर सावली मोठी पडते, आणि डॉक्टरांना वाटतं, हृदय सुजलंय."

"हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं," हणमंतराव म्हणाले. त्यांच्या छातीचे फोटो नोकरीत असताना बऱ्याचदा निघाले होते.

तिरप्या उभं राहण्याच्या पद्धतीला ऑब्लिक म्हणतात, आणि त्यात पुढचा डावा की पुढचा उजवा असा घोळ असतो. कावेरीच्या वर्गातल्या मुलींनी तो घोळ पाठ करून काढला होता. हणमंतरावांनी तो एका वाक्यात संपवला: "डावा हेडलाइट भिंतीला की उजवा, एवढंच सांग." डोकं खाली, पाय वर अशा झोपण्याला 'ट्रेंडेलनबर्ग' म्हणतात हे कळल्यावर तर त्यांनी तो शब्द घरभर म्हणत फिरायला सुरुवात केली.

"ही कुठली भाजी?" भागुबाईंनी विचारलं.

एकच गोष्ट कावेरीला जरा खटकली. कुशीवरचा छातीचा फोटो घ्यायचा तर दोन्ही हात डोक्याच्या वर धरावे लागतात, नाहीतर दंडाची सावली फुप्फुसावर पडते. त्याचा सराव करायची वेळ आली की हणमंतरावांना हटकून चहा हवा असायचा.

"हात वर करण्यात काय शिकायचंय?" ते म्हणायचे. "सारी नोकरी दांडी धरून उभाच होतो मी. ते येतं मला. तू दुसरं घे."

कावेरीला वाटलं, संकोच असेल. सुनेसमोर असे हात वर करून उभं राहायला नको वाटत असेल. तिनं ते सोडून दिलं.

स्पर्धेच्या रविवारी भागुबाईंनी इरकल नेसली आणि हणमंतरावांनी लग्नाकार्याचा सदरा काढला. कॉलेजचा हॉल भरला होता. पवित्रानं पुढच्या रांगेत जागा धरून ठेवली होती. भागुबाई तिथं जाऊन बसल्या आणि पवित्राकडून सगळ्या माणसांची माहिती घेऊ लागल्या.

स्पर्धकांच्या रांगेत कावेरीच्या पुढं शुभंकर नावाचा पुण्याचा मुलगा होता, इंदिरानगरच्या एका स्कॅन सेंटरमधला. त्यानं पेशंट म्हणून आपला जिममधला मित्र आणला होता. मित्राचे दंड सदऱ्यात मावत नव्हते.

"काका, टेन्शन नका घेऊ हं," मराठी कानावर पडताच शुभंकर वळून म्हणाला. "जस्ट रिलॅक्स. चिल."

"मला कसलं टेन्शन," हणमंतराव म्हणाले. "टेन्शन हिला आहे."

कावेरीला टेन्शन होतंच. शुभंकरचा मित्र टेबलावर असा पडला की हॉलमध्ये टाळ्या पडल्या. वळ म्हटलं की वळला, थांब म्हटलं की दगड झाला. शुभंकरनं घंटेच्या खूप आधी हात वर केला.

मुख्य परीक्षक सुधींद्र सर होते. शहरातल्या निम्म्या एक्स-रेवाल्यांना त्यांनीच शिकवलेलं. बारीक अंगकाठी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि हातात कोन मोजायची पट्टी. त्यांनी आधीच कन्नडमध्ये जाहीर केलं होतं की पेशंटशी पेशंटच्या भाषेत बोला, आम्हाला कळलं नाही तरी त्याला कळल्याचं आम्हाला दिसेल.

कावेरीची पहिली चिठ्ठी पोटाची निघाली. उताणं झोपवून.

"मामंजी, टेबलावर बसा. आता माझ्या हातावर भार द्या आणि आडवे व्हा. पाय सरळ."

आवाज पोचला. पहिल्या वाक्याला थोडा थरथरला, दुसऱ्याला बसला. तिनं त्यांच्या गुडघ्यांखाली उशी सरकवली, कंबर दोन्ही बाजूंनी सारखी केली, यंत्र मधोमध आणलं. मग दहा पावलं मागं, काचेच्या जागी लावलेल्या पडद्याआड जाऊन म्हणाली, "श्वास घ्या. पूर्ण सोडा. आता थांबा!" हणमंतराव असे थांबले की भागुबाईंनी पवित्राचा हात घट्ट धरला.

दुसरी चिठ्ठी डाव्या हेडलाइटची निघाली. निदान हणमंतराव तरी तसं म्हणाले, आणि पुढच्या रांगेपर्यंत ते ऐकू गेलं. डावा खांदा फळीला, उजवा हात वर फळीच्या माथ्यावर, डावा हात कमरेवर. तो डावा हात कमरेपर्यंत न जाता खिशाशीच थांबला, हे कावेरीनं पाहिलं. कोन मात्र अचूक साधला होता. सुधींद्र सरांनी पट्टी लावली, मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. पवित्रानं अंगठा दाखवला.

तिसरी चिठ्ठी कावेरीनं उघडली. छाती, डावी लॅटरल.

"मामंजी, डावी कूस फळीला लावा. पाय थोडे फाकवून उभे राहा. छान. आता दोन्ही हात डोक्यावर."

उजवा हात सरळ वर गेला. डावा खांद्याइतका चढला आणि तिथंच अडकला. हणमंतरावांनी दात आवळले. कपाळावरची शीर वर आली. हात थोडा आणखी वर गेला, पण हात वर जात नव्हता, सगळा खांदाच कानाकडं जात होता आणि अंग उजवीकडं कलत होतं.

असे खांदे कावेरीनं रोज पाहिले होते. चहा का लागत होता ते तिला एका क्षणात कळलं.

"ढकल," हणमंतराव ओठ न हलवता पुटपुटले. "वेळ जाईल. तू ढकल, मी सोसतो."

ढकलला असता तर गेला असता. एक कळ आली असती, त्यांनी ती गिळली असती, आणि हॉलमध्ये कुणाच्या लक्षातही आलं नसतं. घंटेला अजून अवकाश होता. पहिल्या दोन्ही फेऱ्या चांगल्या गेल्या होत्या. कावेरीचा हात त्यांच्या कोपराखाली होता.

"नाही," ती म्हणाली. "हात खाली घ्या."

"अगं, पण..."

"मामंजी, हात खाली!"

तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. मागं चहाचे पेले गोळा करणारा माणूससुद्धा थांबला. दीड वर्षात घरात कुणाला उलटून एक शब्द न बोललेल्या सुनेनं हॉलभर माणसांसमोर सासऱ्याला दटावलं होतं. हणमंतरावांनी मुकाट्यानं हात खाली घेतला.

"कधीपासून दुखतोय?"

"असंच. स्वल्प."

"कधीपासून?"

"गेल्या वर्षीच्या गौरी-गणपतीपासून."

पुढच्या रांगेत खुर्ची सरकल्याचा मोठा आवाज झाला. भागुबाई उभ्या राहिल्या होत्या.

"अहो! वर्ष झालं आणि मला नाही सांगितलंत? मी रोज रात्री कशाचा वास येतोय म्हणून विचारते, तर म्हणे डासांचं मलम! खांद्याला बाम चोळत होतात होय!"

ज्यांना मराठी येत होतं ते आधी हसले, आणि ज्यांना येत नव्हतं त्यांना शेजाऱ्यानं सांगितल्यावर ते हसले. पवित्रानं भागुबाईंना पदर धरून खाली बसवलं. सुधींद्र सरांनी घड्याळाकडं पाहिलं.

कावेरीनं आजूबाजूला नजर टाकली. कोपऱ्यात सलाइन अडकवायचा स्टँड उभा होता. तिनं तो ओढत आणला, हणमंतरावांच्या समोर उभा केला आणि त्यांचा डावा हात कोपरापासून आधार देत हळूहळू पुढं उचलला.

"दुखायला लागलं की सांगायचं. शूरपणा करायचा नाही."

"इथं."

"मग त्याच्या खाली." तिनं हात दोन बोटं खाली आणला आणि त्यांची बोटं स्टँडच्या दांडीवर ठेवली. "धरा. भार दांडीवर टाका. उजवा हात डोक्यावरून. हनुवटी वर."

हात वर नव्हता, पण पुढं होता. दंडाची सावली छातीच्या बाहेर पडणार होती. त्यांची पाठ सरळ आहे ना, ती वळलेली नाही ना, हे तिनं खाली वाकून दोन्ही बाजूंनी पाहिलं. मधेच घंटा झाली. तिनं थांबायला हवं होतं, पण ती पडद्याआड गेली आणि म्हणाली, "मामंजी, श्वास घ्या. धरा."

त्यांनी धरला.

"सोडा."

मग ती परत आली आणि आधी त्यांचा हात खाली उतरवून घेतला.

सुधींद्र सर स्टँडभोवती फिरले. "यू नो, घंटा झाली होती," ते इंग्रजीत म्हणाले, आणि मग कन्नडमध्ये विचारलं, "हात का नाही वर नेला?"

"जात नव्हता, सर."

"मला वाटतं गेला असता."

"जबरदस्तीनं गेला असता," कावेरी म्हणाली. "मग रात्रभर झोपले नसते ते."

सरांनी चष्मा वर सरकवला आणि कागदावर लिहिलं. या वेळी जरा जास्तच वेळ लिहिलं.

पहिलं बक्षीस शुभंकरला मिळालं. ते योग्यच होतं; त्याच्या तिन्ही फेऱ्यांत बोट ठेवायला जागा नव्हती. दुसरं कावेरीला. वेळेचे गुण कापले आणि पेशंटच्या काळजीचे सगळे दिले, असं सुधींद्र सरांनी माइकवर सांगितलं. बक्षीस म्हणून एक मोठं इडलीपात्र होतं. गिरीराज सर मागच्या रांगेतून आले आणि म्हणाले, "तुझा आवाज मला बाहेर व्हरांड्यात ऐकू आला." एवढंच म्हणून ते जेवायला गेले.

हणमंतरावांना मात्र निकाल पटला नाही. त्यांनी सुधींद्र सरांना ताटासकट गाठलं आणि कन्नडमध्ये समजावू लागले की त्या मुलानं आणलेला तो पेशंट नव्हताच, ती भिंत होती. भिंतीला कुणीही सरळ उभं करेल. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि त्यांच्या ताटात आणखी एक होळीगे, म्हणजे पुरणपोळी, घातली.

"आता खांदा का लपवला ते सांगा," जेवण झाल्यावर कावेरी म्हणाली. तिघं बाहेर झाडाखालच्या कट्ट्यावर बसली होती. इडलीपात्र भागुबाईंच्या मांडीवर होतं.

हणमंतरावांनी सदऱ्याची बाही खाली ओढली.

"सुरज स्कूटर विकेल," ते म्हणाले. "तो टपलाच आहे. म्हणतो, अण्णा, या ट्रॅफिकमध्ये आता नको. खांदा गेला म्हटल्यावर त्याला निमित्तच मिळेल. स्कूटर गेली की मी यशवंतपूरला जाणार नाही. मग घरात बसून नुसता पेपर. तोही संपतो गं अकरा वाजता."

भागुबाईंनी मांडीवरचं इडलीपात्र बाजूला ठेवलं.

"मामंजी," कावेरी म्हणाली, "मंगळवारी माझ्याबरोबर इस्पितळात चला. खरा फोटो काढू. डॉक्टर काय म्हणतात ते आधी ऐकू. स्कूटरचं मी सुरजशी बोलते."

"तू बोलशील?"

"होय."

"त्याला ऐकू जाईल का?" हणमंतरावांनी विचारलं, आणि तिघंही हसली.

मंगळवारी खांद्याचा फोटो निघाला. या वेळी यंत्राची वायर लावलेली होती आणि पोळपाट नव्हता. कावेरीनं त्यांना फळीला पाठ लावून उभं केलं, थोडं डावीकडं वळवलं, आणि काचेच्या आडून सूचना दिल्या. शेजारच्या खोलीत दुसरा पेशंट होता, त्यानंही श्वास धरला, असं पवित्रा नंतर सगळ्यांना सांगत सुटली.

हाड चांगलं होतं. डॉक्टरांनी हात फिरवून पाहिला आणि सांगितलं, सांधा आखडलाय, या वयात आणि साखर असली की होतं असं. रक्त तपासा. रोज व्यायाम करा, महिन्यांचं काम आहे, पण सुटेल. तोवर स्कूटर बंद.

"तोवर," कावेरी म्हणाली. "कायमची नाही ना, डॉक्टर?"

"कायमची कशाला? हात सुटला की चालवू देत."

गुरुवारी सुरज कोईमतूरहून आला. रात्री जेवताना कावेरीनं विषय काढला. सुरजनं स्कूटरचं गिऱ्हाईक जवळपास ठरवलं होतं. समोरच्या गल्लीतल्या मेकॅनिकला ती हवी होती. कावेरीनं त्याला डॉक्टर काय म्हणाले ते नीट, न थांबता सांगितलं. सुरजनं दोनदा मधे बोलायचा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा तिनं आपलं वाक्य पुरं केलं. हणमंतराव ताटात बघून भात कालवत राहिले.

"बरं बाई," सुरज शेवटी म्हणाला. "मेकॅनिकला नाही म्हणून सांगतो. पण हात सुटेपर्यंत किल्ली माझ्याकडं."

"किल्ली माझ्याकडं," भागुबाई म्हणाल्या, आणि ती कमरेला खोचून टाकली.

व्यायाम सोपा होता आणि कंटाळवाणा. भिंतीसमोर उभं राहायचं आणि डाव्या हाताची बोटं मुंगीसारखी वर चढवत न्यायची, दुखेपर्यंत. कावेरी कामावर जायच्या आधी तो करून घ्यायची. पहिल्या दिवशी बोटं स्विचबोर्डापर्यंत गेली आणि थांबली. बरेच दिवस ती स्विचबोर्डापाशीच थांबत राहिली. हणमंतराव चिडायचे, उद्या करतो म्हणायचे, एकदा तर भागुबाईंच्या मागं जाऊन बसले. कावेरी वाट बघायची आणि मग पुन्हा म्हणायची, "मामंजी, भिंतीपाशी या." ते यायचे. बाजाराला आता दोघी सासू-सुना रविवारी जात आणि हणमंतराव फोनवरून घेवडा कुणाकडून घ्यायचा ते सांगत.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी कावेरी कामावरून आली तेव्हा शेजारच्या पोरी एळ्ळु-बेल्ल, म्हणजे इथला तीळगूळ, द्यायला आल्या होत्या आणि भागुबाई खोबऱ्याचे तुकडे ठेवलेला डबा शोधत होत्या. तो सगळ्यात वरच्या फळीवर होता. कावेरी स्टूल आणायला आत गेली.

परत आली तर हणमंतराव फळीखाली उभे होते. दोन्ही हात वर होते. डावा उजव्यापेक्षा थोडा मागं होता, पण वर होता, आणि दोन्ही हातांच्या मधे डबा होता.

"अहो, सांडाल!" भागुबाई ओरडल्या.

"नाही सांडत," ते म्हणाले. डबा खाली घ्यायची त्यांना घाई दिसत नव्हती. "कावेरी, बघालीस ना?"

"बघते की, मामंजी," कावेरी हातातलं स्टूल खाली ठेवत म्हणाली. "दुखतंय का?"

"थोडं."

"मग उतरवा हळूच."

त्यांनी डबा उतरवला, झाकण काढलं, आणि आधी एक तुकडा आपल्या तोंडात टाकून मग डबा पोरींच्या पुढं धरला.